ट्रायप्लाय कढईचा काठ झिजतोय, नवी घेताना काय बघावं?

चैत्रपालवी:
नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत ट्रायप्लाय कढई आणि पातेलं घेतलं. आतबाहेर स्टील, मध्ये ॲल्युमिनिअम. स्वयंपाकाला दोन्ही झकास, पोहे-उपमा खाली लागत नाहीत. पण काठाला स्टीलच्या दोन पत्र्यांमध्ये बारीक खाच पडलीय. नखाने खरवडलं की पांढुरकी भुकटी निघते आणि पुसताना फडक्याचे धागे अडकतात, इतकी धार आलीय. भांडी डिशवॉशरला लावते. आम्ही अलिबागजवळ राहतो, बोअरचं पाणी जरा मचूळ आहे. सासूबाईंना धास्ती आहे की ॲल्युमिनिअम जेवणात उतरतंय. भांडी मोडीत काढावीत का? नवी घ्यायची तर काय बघून?

लोहपुरुष_पुणे:
ताई, मोडीत मुळीच काढू नका. मी धातूंच्या तपासणीच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले आणि दोघांवर तेच खारट पाणी असलं, की त्यांचा विद्युत घट तयार होतो. त्यात ॲल्युमिनिअम झिजतं, स्टील शाबूत राहतं. यालाच गॅल्व्हॅनिक गंज म्हणतात. इथे नडतं ते क्षेत्रफळ. स्टील म्हणजे अख्खी कढई, आणि उघडं ॲल्युमिनिअम म्हणजे काठावरची जेमतेम एक-दोन मिलिमीटरची रेघ. सगळा मारा त्या रेघेवर. हेच उलटं असतं, मोठ्या ॲल्युमिनिअमच्या पत्र्याला स्टीलचा एखादा स्क्रू, तर इतकं जाणवलं नसतं.

त्यात डिशवॉशर. ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याला वाचवतो. साधारण ४ ते ८.५ पीएचमध्ये (पीएच म्हणजे आम्ल-अल्क मोजायचं माप, ७ म्हणजे मध्य, त्यावर अल्कधर्मी) तो टिकतो. डिशवॉशरच्या पावडरीत सोडियम कार्बोनेट असतं, ते पाणी बरंच अल्कधर्मी असतं, शिवाय गरम. तुमच्या बोअरच्या पाण्यातले क्लोराइड भर घालतात.

सासूबाईंना सांगा, अन्नाला लागतं ते फक्त स्टील. ताक, चिंच, कोकम, काहीही बिनधास्त शिजवा. तळाच्या आतल्या जोडाचीही काळजी नको. पत्रे तापवून रोलरखाली दाबून एकजीव केलेले असतात, तिथे पाणीच पोचत नाही. खाच सरकते ती काठाकडूनच, आणि हातानं धुवून लगेच कोरडी पुसलीत तर जवळपास थांबेल.

खमंग_फोडणी:
धारेसाठी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून काठावर फिरवा. स्टीलच्या दोन्ही कडा गोल होईपर्यंत, मग भुकटी नीट धुवून टाका. नवी घेताना मी सुचवेन की सँडविच तळाची घ्या, काठाचा प्रश्नच मिटला.

लोहपुरुष_पुणे:
दादा, सँडविच तळाला नुसत्या तळाखालीच ॲल्युमिनिअम असतं. पातेल्याला चालेल, पण कढईच्या बाजू करपतील. ॲल्युमिनिअम स्टीलच्या साधारण पंधरापट उष्णता वाहून नेतं, कढईत ते वरपर्यंत हवंच. शिवाय काही तळांना कडेने ॲल्युमिनिअमची रेघ उघडी दिसते, तीही झिजते. तळ पूर्ण झाकलेला आहे ना, ते उलटं करून बघा.

ताई, नवी कढई घेताना काठावर बोट फिरवा. मध्ये करडी रेघ दिसली तर काठ उघडा आहे. काही कंपन्या स्टील वळवून ती बंद करतात, किंमत थोडी चढी असते, पण तुमच्या पाण्याला तीच घ्या.

मालवणी_मासा:
माझ्या पातेल्याच्या तळाला आतून सुईच्या टोकाएवढे खड्डे पडलेत. तेही हेच का?

लोहपुरुष_पुणे:
नाही, ते मिठाचं काम. थंड पाण्यात टाकलेलं मीठ न विरघळता तळाशी बसतं आणि तिथे स्टीलला वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर फुटतो. पाणी उकळल्यावर मीठ घालून ढवळा. आतला पत्रा ३०४ आहे का बघा (हे आकडे म्हणजे स्टीलच्या जाती). ३१६ मध्ये २-३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे त्याला खड्डे सहज पडत नाहीत, पण ते महाग पडतं.

चैत्रपालवी:
सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं, त्यांना हायसं वाटलं. इंडक्शन घ्यायचा विचार आहे, बाहेरून चुंबक चिकटतो तीच कढई घ्यायची ना?

लोहपुरुष_पुणे:
हो. बाहेरचा पत्रा बहुधा ४३० चा असतो, त्यात निकेल नसतं, म्हणून चुंबक चिकटतो. तो ३०४ पेक्षा लवकर गंजतो. मचूळ पाण्याने धुतलीत की बाहेरूनही पुसा, पालथी ओली ठेवू नका.