'ऑलवेज'ला जागा मिळते, मग 'डेली'ला का नाही?

दांडियाबाजार_शिकवणी:
नमस्कार मंडळी. इथे वडोदऱ्यात माझ्या शिकवणीतल्या आठवी-नववीच्या मुलांच्या इंग्रजीच्या वह्यांत ही वाक्यं हटकून सापडतात. मुलं निम्मी मराठी, निम्मी गुजराती, पण चुका अगदी सारख्या.

'ही ऑलवेज इज लेट.'
'आय डेली गो टू सयाजीबाग.'
'शी स्पीक्स फ्लुअन्टली इंग्लिश.'
'आय ॲम हिअर ओन्ली.'

पुस्तकात एका ओळीचा नियम आहे: क्रियाविशेषण मुख्य क्रियापदाच्या आधी. मग 'इज'च्या बाबतीत ते नंतर का? 'हॅज बीन वर्किंग'मध्ये तीन-तीन शब्द असताना नेमकं कुठे घुसवायचं? आणि 'ऑलवेज गो' चालतं तर 'डेली गो' का चालत नाही, याचं उत्तर मुलांना काय द्यायचं?

व्याकरणवेडा:
ताई, नियम पाठ करून घेऊ नका, वाक्याचा प्रश्न करायला लावा. प्रश्न करताना जो शब्द उडी मारून कर्त्याच्या आधी जातो, त्याच्या लगेच नंतर 'ऑलवेज'ची जागा.

'ही इज लेट'चा प्रश्न 'इज ही लेट?' म्हणजे 'इज'ने उडी मारली, म्हणून 'ही इज ऑलवेज लेट'. 'शी हॅज बीन वर्किंग'चा प्रश्न 'हॅज शी बीन वर्किंग?' उडी एकट्या 'हॅज'ची, म्हणून 'शी हॅज ऑलवेज बीन वर्किंग'. 'ही कम्स लेट'मध्ये उडी मारणारं कोणीच नाही, प्रश्नासाठी 'डझ' बाहेरून आणावं लागतं. अशा वेळी क्रियापदाच्या आधी: 'ही ऑलवेज कम्स लेट'.

ही युक्ती फसव्या जागीही टिकते. 'आय हॅव टू वेट'मधलं 'हॅव' सहायक क्रियापद दिसतं, पण प्रश्न 'डू आय हॅव टू वेट?' असा होतो. 'हॅव' जागचं हललं नाही, म्हणून 'आय ऑफन हॅव टू वेट'.

तीन ठिकाणी मात्र सांभाळा. नकारात 'प्रॉबेबली' आणि 'स्टिल' सहायकाच्या आधी जातात: 'ही प्रॉबेबली वोन्ट कम', 'शी स्टिल हॅजन्ट पेड'. 'ऑलवेज' मात्र नंतरच राहतं: 'आय डोन्ट ऑलवेज वॉक'. दुसरं, कर्मणी वाक्यात रीत सांगणारं क्रियाविशेषण पहिल्या सहायकाला न चिकटता शेवटच्या क्रियापदाला चिकटतं: 'द रोड हॅज बीन बॅडली डॅमेज्ड'. तिसरं, वाक्य सहायकावरच संपत असेल तर क्रम उलटतो: 'येस, ही ऑलवेज इज'. जोर देऊन बोलताना 'ही ऑलवेज इज लेट'ही ऐकू येतं. वहीत मात्र चूकच द्या, कारण मुलाने ते जोर द्यायला लिहिलेलं नसतं.

आणि शिकवताना 'मागे-पुढे' म्हणू नका, 'आधी-नंतर' म्हणा. मराठीत 'पुढे'चे दोन्ही अर्थ निघतात.

सुरसागर_काठ:
'डेली'चं मी सांगतो. चूक आपल्या भाषेतून येते. 'मी नेहमी जातो', 'मी रोज जातो': मराठीत दोघं एकाच खुर्चीवर बसतात, गुजरातीतही तसंच. इंग्रजीने त्यांना वेगवेगळं बसवलंय. ज्यात मोजमाप नाही ते मध्ये: ऑलवेज, युज्वली, ऑफन, सेल्डम, नेव्हर. ज्यात मोजमाप किंवा नेमकी वेळ आहे ते शेवटी, फार तर सुरुवातीला: डेली, एव्हरी डे, ट्वाइस अ वीक, यस्टरडे. म्हणून 'आय गो टू सयाजीबाग डेली', आणि त्याहून साधं 'एव्हरी डे'. मुलांना विचारायचं, 'हे कॅलेंडरवर खूण करून दाखवता येईल का?' येत असेल तर मध्ये बसवू नका.

'फ्लुअन्टली'चं कारण निराळं. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे 'ती अस्खलित इंग्रजी बोलते' आणि 'ती इंग्रजी अस्खलित बोलते' दोन्ही सुखाने नांदतात. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये सहसा कोणाला शिरू देत नाहीत. 'सयाजीराव रूल्ड बरोडा वाइजली फ्रॉम १८७५ टू १९३९': 'रूल्ड' आणि 'बरोडा' यांत फट नाही, मग रीत, मग काळ. कर्म लांबलचक असेल तरच सूट: 'शी रेड केअरफुली ऑल द लेटर्स दॅट हॅड कम फ्रॉम इंदूर'. इथे 'केअरफुली' शेवटी टाकलं तर ते 'कम'ला लागल्यासारखं वाटतं.

'वेल', 'हार्ड', 'फास्ट', 'अर्ली' कर्तरी वाक्यात क्रियापदाच्या आधी येतच नाहीत. 'हार्ड'ला मध्ये बसवायचं म्हणून मुलं 'ही हार्डली वर्क्स' लिहितात आणि कष्टाळू माणूस कामचुकार होऊन बसतो!

मांडवीकर:
'हिअर ओन्ली' हा आपला 'च' आहे. गुजरातीतला 'ज' तोच, हिंदीतला 'ही' तोच, म्हणून सगळा वर्ग एकसुरात चुकतो. 'च' ज्या शब्दाला चिकटतो त्यावर जोर येतो, तसं 'ओन्ली' चिकटवत नेतात. पण 'च' दोन कामं करतो. एक 'फक्त', दुसरं नुसता जोर. 'ओन्ली'ला पहिलंच जमतं. 'मी इथेच आहे'मध्ये फक्त इथे, दुसरीकडे नाही, असं कोणाला म्हणायचंय? तिथे 'आय ॲम राइट हिअर'. 'आजच पाठवा'ला साधं 'सेंड इट टुडे', जोर आवाजात. 'तोच म्हणाला'ला 'इट वॉज ही हू सेड इट'. मुलांना आधी 'च'च्या जागी 'फक्त' घालून बघायला सांगा. अर्थ टिकला तर 'ओन्ली', नाही तर दुसरं काही.

मग जागा. 'ओन्ली मीना एट सेव-उसळ': मीनानेच खाल्ली. 'मीना एट ओन्ली सेव-उसळ': सेव-उसळच खाल्ली. 'मीना ओन्ली एट सेव-उसळ': बोलताना बहुतेक याचा अर्थ दुसऱ्यासारखाच, पण कागदावर 'नुसती खाल्ली, केली नाही' असाही निघतो. लेखी उत्तरात ज्या शब्दाबद्दल म्हणायचंय त्याच्या अगदी आधी ठेवायला सांगा.

दांडियाबाजार_शिकवणी:
प्रश्नाची युक्ती झकास आहे. अजून दोन शंका. 'नेव्हर आय हॅव सीन' का चूक? आणि 'टू रिअली अंडरस्टँड' चूक म्हणून कापायचं की नाही?

व्याकरणवेडा:
पहिल्याचं उत्तर त्याच उडीत आहे. नेव्हर, सेल्डम, रेअरली असे नकारी शब्द सुरुवातीला आणले की कर्ता आणि सहायक प्रश्नासारखे उलटतात: 'नेव्हर हॅव आय सीन सच रेन'. सहायक नसेल तर 'डू' आणायचं: 'सेल्डम डू यू सी अ क्रोकोडाइल ऑन द रोड'. (विश्वामित्रीला पूर आला की हे वाक्य वडोदऱ्यात खोटं पडतं, ते सोडा.) 'ऑफन', 'युज्वली' सुरुवातीला आले तर काही उलटत नाही: 'युज्वली आय वॉक'.

'टू रिअली अंडरस्टँड' कापू नका. 'टू' आणि क्रियापद तोडू नये हा आग्रह एकोणिसाव्या शतकात फोफावला, पण १९२६ मध्ये इंग्रजी शब्दप्रयोगांचा कोश लिहिणारे फाउलर यांनीच त्याची आंधळी भीती बाळगणाऱ्यांना टोमणे मारले होते. उलट, न तोडल्याने कधी घोटाळा होतो. 'ही प्रॉमिस्ड क्विकली टू रिपेअर द पंप' यात झटपट काय झालं, वचन की दुरुस्ती? 'टू क्विकली रिपेअर' म्हटलं की शंका मिटते. आठवीच्या मुलाला मात्र 'टू रिपेअर द पंप क्विकली' शिकवा, त्यावर कोणताच परीक्षक पेन उचलणार नाही.