काचेची बाटली खरंच ‘ग्रीन’ असते का? काकवीसाठी बाटल्या घेताना पडलेला प्रश्न

काकवीवाला_वाळवा

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातला, घरचं गुऱ्हाळ आहे. गूळ तर जातोच, पण आता काकवी काचेच्या बाटलीत भरून पुण्यालाही देतोय. प्लास्टिक घेत नाही कारण काकवी गरम गरम भरतो, साध्या पेट बाटलीत ओतली की ती आकसून वाकडी होते, आणि काच दिसली की गिऱ्हाईकाला माल चोख वाटतो हेही आहेच. आता झालंय असं की पुण्यातला एक दुकानदार म्हणाला, तुमच्या पॅकिंगचा कार्बन किती ते लिहून द्या. मी म्हटलं अहो काच आहे, काच चांगलीच की. तर तो हसला आणि म्हणाला काच वितळवायला किती गॅस जळतो माहितीय का. आता हे मला कुठनं माहिती असणार?

नेटवर बघितलं तर कुणी हायड्रोजन म्हणतंय, कुणी इलेक्ट्रिक भट्टी, कुणी म्हणतंय बाटली परत भरा, सगळा गोंधळ. काच कारखान्यात कार्बन नेमका निघतो कुठनं, तो कमी करायला काय करतात, आणि माझ्यासारख्यानं बाटली घेताना काय विचारावं? ‘प्लास्टिक हटवा’ छाप भाषण नको प्लीज, प्लास्टिक मी घेतच नाही.

भट्टीवरचा

दादा प्रश्न भारी विचारलाय. मी मूळचा कऱ्हाडचा, नोकरी गुजरातेत भरूचकडं, बाटल्यांच्या कारखान्यात फर्नेसवरच आहे, त्यामुळं जरा लांब लिहितो, चालवून घ्या.

कार्बन दोन ठिकाणांहून निघतो. एक तर इंधन. भट्टीत तापमान १५०० अंशाच्या पुढं असतं आणि ती दिवसरात्र, सणवार, सगळा काळ चालू. एकदा पेटवली की दहा-बारा वर्षं, कधी कधी पंधरा वर्षं विझवत नाहीत, कारण आत काच थिजली तर भट्टीचं वाटोळंच. ऑर्डर कमी असली तरी ती गरम ठेवावी लागते. दुसरं कारण कुणी सांगत नाही, ते म्हणजे कच्चा माल. वाळू, सोडा ॲश, चुनखडी हा मुख्य माल, आता सोडा ॲश आणि चुनखडी दोन्ही कार्बोनेट, ती तापली की त्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणारच, मग खाली गॅस जाळा, वीज लावा नाहीतर हायड्रोजन लावा. एक टन सोडा ॲशमधनं साधारण ४१५ किलो आणि एक टन चुनखडीतनं ४४० किलो निघतो, हे शाळेतल्या केमिस्ट्रीचं गणित आहे, अणुभार घेऊन कुणीही करून बघा. नुसत्या कच्च्या मालापासनं एक टन बाटलीची काच केली तर त्यातनंच अंदाजे १७०-१८० किलो.

आणि गॅसचं? बऱ्यापैकी चांगल्या भट्टीत टनाला साडेचार गिगाज्यूल उष्णता धरा (गिगाज्यूल हे ऊर्जेचं माप), नैसर्गिक वायूचा गिगाज्यूलला ५६ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे २५० किलो झाले. दोन्ही मिळून टनाला सव्वाचारशेच्या आसपास. तुमची बाटली पाव किलोची असेल तर भट्टीतच शंभरेक ग्रॅम. वरनं कॉम्प्रेसरची वीज, सोडा ॲश बनवतानाचा कार्बन, ट्रकचं डिझेल, ते वेगळं. दुकानदाराला आकडा द्यायचाच असेल तर हा भट्टीपुरता आहे असं स्पष्ट लिहून द्या, नाहीतर तो उद्या तुम्हालाच धरेल.

कमी करायचं तर पहिला नंबर फुटक्या काचेचा, आम्ही कलेट म्हणतो. कलेट आधीच एकदा वितळून झालेली असते, तिच्यातला कार्बन केव्हाच उडून गेलेला, आणि वितळायलाही उष्णता कमी लागते. मालात कलेट दहा टक्के वाढवली की ऊर्जा साधारण अडीच-तीन टक्के वाचते. म्हणजे एकाच दगडात दोन्ही पक्षी, इंधनाचा कार्बनही कमी आणि मालाचाही. हायड्रोजनला हे जमत नाही, तो फक्त इंधनाचा भाग कमी करतो.

मिरजेचा_मास्तर

चांगली माहिती. पण एक शंका, वीज वापरून काच वितळवली तर धूरच नाही ना? आपल्याकडं कोयना आहे, १९६० मेगावॉट, वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग लागलीय. सातारा जिल्ह्यात विजेवरची काचभट्टी काढली तर जगाला दाखवता येईल की. आणि काच आपल्याला नवीन नाही, ओगलेवाडीचा काच कारखाना १९१६ चा, प्रभाकर कंदील तिथलाच. आमच्या आजोबांकडं होता.

भट्टीवरचा

सर, ओगलेवाडीचं नाव काढलंत, बरं वाटलं. आमचं घर तिथनं लांब नाही, लहानपणी काच म्हटलं की तेच डोळ्यासमोर.

पण विजेचं गणित तुम्हाला वाटतंय तसं नाही. कोयनेची वीज काय वेगळ्या तारेनं कारखान्यात येत नाही, ती ग्रिडमध्ये मिसळते आणि आपल्या ग्रिडमध्ये कोळसाच जास्त. देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागं ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. विजेवर एक टन काच वितळवायला ८५०-९०० युनिट लागतात असं धरा. गुणाकार करा, सहाशे किलो! गॅसवर तेच अडीचशे होतं. म्हणजे आज ग्रिडची वीज लावली तर कारखान्याच्या धुराड्यातनं काही दिसणार नाही, पण धूर चंद्रपूरला निघेल, तोही दुप्पट. हे ऐकून आमच्याच साहेबांचा विश्वास बसला नव्हता.

वाऱ्याची किंवा सोलरची वीज करार करून घेतली तर चित्र बदलतं, मात्र पवनचक्की पावसाळ्यात जोरात फिरते, बाकी वर्षभर तेवढी नाही, आणि भट्टीला रात्री अडीच वाजताही तेवढीच उष्णता पाहिजे. म्हणून युरोपात हायब्रिड करतायत. जर्मनीत ओबर्नकिर्शनला आर्डाघ कंपनीनं अशी भट्टी लावली, ८० टक्क्यांपर्यंत उष्णता विजेची आणि राहिलेली गॅसची. फ्रान्समध्ये कोन्याकला व्हेरालिया कंपनीनं पूर्ण विजेवरची बाटल्यांची भट्टी २०२४ मध्ये सुरू केली, पण फ्रान्सची वीज बहुतेक अणुऊर्जेची, त्यांना ते परवडतं. काच थंड असताना वीज वाहून नेत नाही पण वितळली की नेते, म्हणून भट्टीत मॉलिब्डेनमचे इलेक्ट्रोड घालून आतनंच तापवता येतं. आपल्याकडं बऱ्याच भट्ट्यांत तळाशी असं थोडं बूस्टिंग असतंच.

रिकामी_बाटली_सांगली

भट्टीवाल्या साहेबांनी कलेटचं सांगितलं ते खरं पण ती कलेट येते कुठनं ते कुणी विचारत नाही. मी सांगलीत भंगारचा धंदा करतो. काच हा भंगारातला सगळ्यात नकोसा माल हाय बघा. वजन लय, दर कमी, पोतं फाडतंय, पोरांची बोटं कापत्यात. लोखंड पुठ्ठा पळत जातो, काच कोपऱ्यात पडून राहते. आणि लोकं टाकताना त्यात चिनीमातीचा कप, फुटका आरसा, बल्ब, टाईल, दगड सगळं एकत्र टाकत्यात, मग गाडी तिकडं गेली की रिजेक्ट, जायचं भाडं आमचं आणि यायचंबी आमचंच. पांढरी, हिरवी, तांबडी काच वेगळी करून पायजे असती आणि त्याचे पैसे कोण वाढवून देत नाय. महापालिकेनं ओला-सुका वेगळा म्हणून सांगितलं, सुक्यात काचेचा वेगळा डबा ठेवला असता तर लय काम हलकं झालं असतं.

भट्टीवरचा

भाऊ शंभर टक्के बरोबर बोलला. चिनीमाती १५०० अंशालाही वितळत नाही, बाटलीत खड्यासारखी येते आणि ती बाटली गरम काकवी भरताना तिथंच तडकणार. ओव्हनमध्ये चालणारी भांडी आणि लॅबची काच हीसुद्धा वेगळ्या जातीची, दिसायला सारखी पण आमच्या काचेत नीट मिसळत नाही. ॲल्युमिनियमचं टोपण राहिलं तर काचेत सिलिकॉनचे मणी तयार होतात. म्हणून स्वच्छ, रंगानं वेगळी केलेली कलेट मिळाली तर कारखाना आनंदानं घेतो, मिळत नाही ही खरी अडचण आहे. लोक हायड्रोजनवर परिषदा घेतात आणि वर्गीकरणाच्या शेडला पैसे नाहीत.

कृष्णाकाठ_७७

मला या सगळ्याबद्दल जरा शंकाच आहे. आग्र्याजवळ फिरोजाबादला, काचेच्या बांगड्यांच्या गावात, काय झालं, ताजमहाल काळा पडतो म्हणून सुप्रीम कोर्टानं १९९६ ला आदेश दिला आणि कोळशाच्या भट्ट्या गॅसवर न्यायला लागल्या, छोट्या बांगडीवाल्यांची काय हालत झाली असेल. मोठ्या कंपन्या हायड्रोजनचा फोटो काढून घेणार आणि छोटे मरणार, हेच इथं होणार. २०२१ ला इंग्लंडमध्ये पिल्किंग्टन कंपनीनं सेंट हेलेन्सला हायड्रोजनवर काच बनवून दाखवली, बातम्या आल्या, पण बाजारात तसली काच आली का कधी?

भट्टीवरचा

शंका योग्य आहे पण फिरोजाबादची अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिथं ‘टेरी’ या संस्थेनं गॅसवरची पॉट फर्नेस, म्हणजे कुंड्यांत काच वितळवायची छोटी भट्टी, बनवली, धुराबरोबर जाणारी उष्णता पकडून तीच हवा तापवायला वापरायची, त्यानं गॅस बराच वाचला आणि छोट्या कारखान्यांनी ती घेतली. ती उष्णता पकडायची युक्ती काय आजची नाही, सीमेन्स बंधूंनी एकोणिसाव्या शतकातच आणली. आमच्याकडंही भट्टीशेजारी विटांच्या जाळीच्या दोन मोठ्या खोल्या असतात, एकीतनं धूर जाऊन विटा तापवतो, वीसेक मिनिटांनी उलटं करायचं, आता हवा त्या तापलेल्या विटांतनं येते आणि १२०० अंशाच्या वर तापून भट्टीत शिरते. हे नीट सांभाळलं, जाळी तुंबू दिली नाही, भट्टीत फालतू हवा शिरू दिली नाही, तरी गॅस वाचतो, यात फोटो काढण्यासारखं काही नाही म्हणून त्याची बातमी होत नाही.

हायड्रोजनचं म्हणाल तर ज्वाला फिकट असते, नैसर्गिक वायूसारखी झगझगीत नाही, त्यामुळं काचेला उष्णता देण्याची पद्धत बदलते, भट्टीत पाण्याची वाफ वाढते, फेस जास्त येतो, नायट्रोजन ऑक्साइडही बघावं लागतं. जमतं, पण महाग आहे. मला विचाराल तर आपल्या पट्ट्यात हायड्रोजनच्या आधी बायोगॅस. कृष्णाकाठी एवढे साखर कारखाने, प्रेसमड म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, त्यापासनं मिथेन करून शुद्ध केला की तो जवळपास नैसर्गिक वायूच, बर्नर फारसा बदलावा लागत नाही. फ्रान्समध्ये आनीशला सॅं-गोबां कंपनीनं २०२२ ला शंभर टक्के कलेट, बायोगॅस आणि कमी कार्बनची वीज एकत्र करून सपाट काच काढून दाखवली. आठवडाभराचंच प्रात्यक्षिक होतं, पण बघा, पहिलं नाव कलेटचंच. आता प्रेसमडला शेतकऱ्याचंही गिऱ्हाईक आहे, खत म्हणून, तो भांडणाचा विषय वेगळा.

काकवीवाला_वाळवा

बापरे, सगळ्यांचे आभार. प्रेसमडचं भांडण आमच्या गावात चालूच असतं, त्यात मी पडत नाही. म्हणजे मला समजलं ते असं, बाटलीवाल्याला कलेट किती टक्के वापरता आणि बाटलीचं वजन किती हे विचारायचं. पण बाटली परत घेऊन भरली तर? मुंबई-पुण्याहून परत आणणं अवघड आहे पण इस्लामपूर, कऱ्हाड, सांगलीतली दुकानं तर रोजच्या गाडीच्या वाटेवरच आहेत.

रिकामी_बाटली_सांगली

दादा हेच मी म्हणणार होतो. बिअरच्या बाटल्या बघा की, फुटली नसंल तर ती आम्ही फोडायला देतच नाय, पोत्यानं भरून परत जाती, धुऊन परत माल भरत्यात. चांगल्या बाटलीला दर बी फुटक्या काचेपेक्षा बरा. गोटी सोडा तर आख्खा यावरच चालायचा. तुमची बाटली सगळ्यांसारखी ठेवा, वेगळा आकार केला की दुसऱ्याला चालत नाय आणि आम्हाला वेगळी काढत बसावी लागती. आणि लेबलाचा गोंद पाण्यात सुटणारा घ्या, नायतर खरवडण्यातच दिवस जातोय.

भट्टीवरचा

बरोबर. चांगली जाड बाटली वीसेक फेऱ्या आरामात मारते, भट्टीतला तो शंभर ग्रॅम वीस जणांत वाटला की काय उरतं बघा. धुण्याचं गरम पाणी धरलं तरी फायद्यात. फक्त दोन गोष्टी. एक, परत भरायची बाटली हलकी घेऊ नका. एकदाच वापरायची असेल तर हलकी चांगली, परत फिरवायची असेल तर जाड, दोन्ही गणितं वेगळी आहेत, त्यामुळं पुण्याच्या मालाला हलकी आणि जवळच्या मालाला जाड असं ठेवा. दुसरं, काकवी चिकट, तळाला बसून राहिली की आंबते, त्यामुळं बाटली परत आली की लगेच गरम पाण्यात बुडवा, मग कॉस्टिक सोड्याचं पाणी, मग साधं पाणी भरपूर. आणि प्रत्येक बाटलीचा काठ उजेडात धरून बघायचा, कपची निघालेली असेल तर ती सरळ भाऊंच्या पोत्यात.

मिरजेचा_मास्तर

दुकानदाराला डिपॉझिट किती लावणार? पाच रुपयात कोण बाटली परत आणून देत नाही हो, दहा तरी ठेवा.

काकवीवाला_वाळवा

दहाच ठेवतो सर. गाळप सुरू झालं की आधी कऱ्हाडच्या दुकानांपासनं सुरू करतो. बाटल्या धुवायचं छोटं मशीन, हाताचं चालेल, सांगली-मिरजेत कुणाकडं जुनं पडून असेल तर मेसेज करा.