विद्यापीठात आईच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवायची आहे, सल्ला हवा

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मी मूळचा अंबड तालुक्यातला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून एमएस्सी केलं, नोकरी केली, आता निवृत्त आहे. आईनं दुसऱ्याच्या रानात खुरपून माझे मेसचे पैसे पाठवले. तिच्या नावानं विद्यापीठात ८ लाख रुपये ठेवायचे आहेत. ४ आत्ता आणि ४ मृत्युपत्रातून, कारण दवाखान्यापुरते हाताशी असावेत असं हिचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे. विषयात पहिल्या येणाऱ्याला सुवर्णपदक ठेवू की गरजू मुलीला शिष्यवृत्ती? आणि मृत्युपत्रात काय लिहावं, म्हणजे पुढं अडणार नाही?

धारूरची_लेक
काका, मी सध्या संशोधन करतेय. आई-वडील ऊसतोडीला जातात. मनापासून सांगते, पदक नको. ते दीक्षांत समारंभात मिळतं, तोवर शिक्षण झालेलं असतं. पोरी गळतात त्या प्रवेशानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत. शासनाची शिष्यवृत्ती फीचं बघते, पण खोलीचं डिपॉझिट, मेसचा अ‍ॅडव्हान्स, एसटीचं भाडं हे जुलै-ऑगस्टमध्येच लागतं. तेव्हा घरात दमडी नसते. सोयाबीन बाजारात जायला दसरा-दिवाळी उजाडते, आणि मुकादमाची उचल हातात आली की मागच्या देण्यात जाते. माझ्याबरोबर प्रवेश घेतलेली एक हुशार मुलगी डिपॉझिट जमलं नाही म्हणून पोळ्याला घरी गेली ती परत आलीच नाही. ऑगस्टच्या आत पैसे मुलीच्या खात्यात जमा झाले पाहिजेत, ही अट लिहूनच घ्या. रक्कम थोडी असली तरी चालेल. आणि गुणांची अट फार वर नेऊ नका.

जुना_हेडक्लार्क
ताईंचं म्हणणं अगदी रास्त आहे. मी कार्यालयात असताना अशा देणग्यांच्या फायली हाताळल्यात. कुलसचिवांच्या नावानं प्रस्ताव द्या. देणगी स्वीकारण्याचा निर्णय व्यवस्थापन परिषदेत होतो, त्याला वेळ लागतो, म्हणून दिवाळीनंतर लगेच सुरुवात करा. पैसा कायम निधी म्हणून ठेवायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही. साडेसहा टक्के व्याज धरलं तर ४ लाखांचे वर्षाला २६,००० होतात. महागाईपोटी त्यातला दहावा हिस्सा मुद्दलात परत टाकायला सांगा. उरलेल्या २३,४०० मध्ये दोन मुलींना ११,७०० प्रत्येकी बसतात. व्याजदर खाली-वर होतात, त्यामुळं करारात ठरावीक रक्कम लिहू नका, ‘मिळालेल्या व्याजातून’ असं लिहा. एखाद्या वर्षी योग्य अर्ज आला नाही तर व्याज मुद्दलात जावं. उद्या तो विषयच बंद पडला तर जवळच्या विभागाकडं जावं, हेही लिहा. या दोन ओळी नसल्या की निधी नुसता पडून राहतो, आणि बघून जीव तुटतो.

एक विनंती. ‘आपल्या समाजाच्या मुलीला’ अशी अट घालू नका. घरातली पहिलीच पदवीधर, शेतमजूर किंवा ऊसतोड कुटुंबातली, एवढं पुरे.

लातूरचा_वकील
मृत्युपत्राबद्दल. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. विद्यापीठाचं पूर्ण नाव लिहा. नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ लिहिलंत तर वाद होऊ शकतो. १९५८ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचा १९९४ मध्ये नामविस्तार झाला, त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं, आणि परभणीचं कृषी विद्यापीठ वेगळंच. ‘किंवा त्याची कायदेशीर उत्तराधिकारी संस्था’ हे शब्दही घाला. ही रक्कम आधीच्याच कायम निधीत मिळवावी, असं स्पष्ट लिहा. अंमलबजावणीसाठी तुमच्यापेक्षा वयानं लहान आणि विश्वासाचा माणूस नेमा. ज्या ठेवीतून पैसे जायचे तिचा नॉमिनी कोण, तेही बघून घ्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पण बँक पैसे त्याच्याच हातात देते. वडिलोपार्जित जमीन यात आणू नका, स्वकमाईचाच पैसा ठेवा.

करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. रोखीनं देऊ नका, २,००० च्या वरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत. विद्यापीठाकडून करसवलतीसाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या.

हिंगोलीकर
सगळ्यांनी लाख मोलाचं सांगितलं. माझं बी एक ऐका. व्याज वर्ष सरल्यावर हाती येतंय, म्हणजे पहिल्या साली पोरींना काहीच मिळायचं नाही. आमच्या गावच्या शाळेत निधी ठिवला तवा हेच झालं. पहिल्या सालचे पैसे मुद्दलाच्या वर वेगळे द्या.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. पदकाचा विचार सोडला. पहिल्या वर्षाचे २४,००० वेगळे काढलेत. दोघी मुली निवडायच्या, त्यातली एक ऊसतोड कुटुंबातली, असं हिनं सुचवलं आणि मला ते पटलं. वकीलसाहेब, मृत्युपत्राचा मसुदा येत्या आठवड्यात लिहून काढतो, नजरेखालून घालाल का? आणि धारूरच्या ताई, अर्जात कोणती कागदपत्रं मागू नयेत, तेही सांगा. दाखल्यासाठी कुणाला तहसीलचे हेलपाटे पडायला नकोत.

धारूरची_लेक
काका, उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या वेळी दिलेला असतोच, तोच धरायला सांगा. नवा मागू नका. बाकी बँक पासबुक आणि विभागप्रमुखांची सही, बास.