घर हललं आणि मांजर आजारी पडलं: तुमचे अनुभव सांगा

आमची मुलुंडची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही भाड्याच्या घरात आलो. त्याच सुमारास सासऱ्यांची बायपास झाली आणि मुलगा शिकायला बंगळूरला गेला. आमचा बोका बंड्या पाच वर्षांचा, आजवर कधी आजारी न पडलेला. इथे आल्यावर तो ट्रे सोडून मोरीत, पायपुसण्यावर थेंब थेंब शू करायला लागला आणि मग त्यात रक्त दिसलं. लघवी तपासली, रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. जंतू नाहीत, खडा नाही, किडन्या ठीक. डॉक्टरांनी दुखणं कमी व्हायचं औषध दिलं आणि त्याला शांत ठेवा म्हणाले. पण आत्ता या घरात आम्हीच कोणी शांत नाही. तो ट्रेमध्ये बसून कळवळतो आणि नेमकं काय झालंय ते कोणी सांगू शकत नाही, हे फार जड जातंय. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी सविस्तर लिहा. काय दिसलं, शेवटी काय निघालं, तुम्ही काय केलंत?

नाशिकहून

ताई, सगळ्यात आधी हे बघा, की थेंब तरी येतोय ना? बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. सूज, चिकट स्राव आणि बारीक खडे मिळून तो बंद होतो. शू पूर्ण अडकली तर रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयावर परिणाम होतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तो वारंवार ट्रेमध्ये जातोय, जोर करतोय आणि काहीच येत नाही असं दिसलं, तर रात्र असो की रविवार, तडक दवाखाना गाठायचा.

आमच्याकडे नणंदेचं लग्न होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं, बोक्याचा ट्रे गॅलरीत हलवलेला. त्याची शू अडकली, उलट्या सुरू झाल्या, पोटाला हात लावू देईना. भूल देऊन कॅथेटर घातला, सलाईन लावलं. तो वाचला. पुढच्या तपासण्यांत तुमच्यासारखंच काही निघालं नाही. डॉक्टरांनी याला फिलाइन इडियोपॅथिक सिस्टायटिस म्हटलं. जंतूंशिवायच मूत्राशयाला सूज येते आणि बाकीची कारणं वगळत वगळतच हे निदान करावं लागतं. मार्ग मोकळा असेल तर असा झटका बहुधा आठवडाभरात आपोआप ओसरतो, पण परत येऊ शकतो. आम्ही ट्रे जुन्या जागी नेला, दुसरा एक ठेवला, कोरड्या खाण्याऐवजी पाणीदार खाणं सुरू केलं. शू पातळ राहणं महत्त्वाचं.

मुलुंडहून, धागाकर्ती

थेंब येताहेत. आज एकदा बऱ्यापैकी शू झाली. तुम्ही लिहिलंत ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं, म्हणजे रात्री कोणीही जागं असलं तरी लक्ष राहील.

कोलंबस, ओहायोहून

आम्ही पुण्याहून आमच्या भाटीला घेऊन इथे आलो. आल्यावर तिचं खाणं कमी झालं, उलट्या होत होत्या, तपासण्या मात्र स्वच्छ. इथल्याच ओहायो स्टेट विद्यापीठातल्या टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांचं काम तेव्हा वाचलं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 32 मांजरं 77 आठवडे पाहिली. त्यांतली 20 मूत्राशयाच्या या त्रासाची, 12 निरोगी. खाण्याची वेळ किंवा सांभाळणारं माणूस बदललं, की निरोगी मांजरंसुद्धा ओकू लागायची, खाईनाशी व्हायची, ट्रेबाहेर घाण करायची. म्हणजे मांजर नखरे करत नसतं, त्याचं शरीर खरंच बिघडतं. हे कळल्यावर आमची चिडचिड थांबली.

आम्ही तिला एकच खोली दिली. पुण्याची न धुतलेली चादर, लपायला खोका, खाणं ठरल्या वेळी आणि एकाच माणसाच्या हातून. ती स्वतः बाहेर येईपर्यंत तिला ओढून काढायचं नाही, हे मुलांना निक्षून सांगितलं. बंड्यासाठी एवढं सासऱ्यांच्या पथ्यपाण्यातही जमेल.

साताऱ्याहून

आमचे आजोबा गेले. चिंगी त्यांच्याच हातून खायची, त्यांच्याच पायाशी झोपायची. तेराव्यापर्यंत घरात माणसांची रीघ होती आणि ती पलंगाखालून बाहेर आली नाही. सगळे म्हणत होते, दुःख झालंय तिला, खाईल हळूहळू. आजी मात्र म्हणाली, दुःख माणसालाही झालंय, पण आम्ही दोन घास खातोय ना. तिनेच आम्हाला डॉक्टरांकडे पिटाळलं. चिंगीचे कान आणि हिरड्या पिवळ्या दिसत होत्या. अंगाने जाड मांजर काही दिवस उपाशी राहिलं, की अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृत काम करेनासं होतं. मग मळमळ वाढते आणि ते आणखीच खात नाही. उपाय एकच, पोटात अन्न जायला हवं. पुण्याला नेऊन तिच्या मानेतून नळी बसवली आणि पातळ केलेलं खाणं सिरिंजने थोडं थोडं देत राहिलो. हे काम आजीने अंगावर घेतलं. कुणाला हात लावू द्यायची नाही. घड्याळ लावून उठायची, कोमट पाण्याने नळी साफ करायची, चिंगीशी आजोबांबद्दल बोलत बसायची. आम्हाला वाटतं, त्या दिवसांत दोघींनी एकमेकींना सांभाळलं. नळी निघाली तेव्हा चिंगी आजीच्या ताटाजवळ येऊन बसायला लागली होती. मांजर दोन दिवस खात नसेल तर वाट बघू नका, मग कारण काहीही असो.

पुण्याहून

थोडं वेगळं लिहिते. ताण हे कारण खरं आहे, पण सगळं त्यावर ढकलून तपास थांबवू नका. आम्ही घर बदललं तेव्हाच एक पिल्लू आणलं होतं. त्याला ताप येई-जाई, अँटिबायोटिकने उतरेना, मग पोट फुगलं. एफआयपी (फिलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस) निघाला. मांजरांमधला एक कोरोना विषाणू बहुतेकांत निरुपद्रवी राहतो, काहींत रूप बदलून हा आजार करतो, जास्त करून दोन वर्षांच्या आतल्यांत. पूर्वी यातून जवळपास कुणी वाचत नसे. आता जीएस-441524 हे औषध आहे. 84 दिवसांचा नेहमीचा कोर्स पूर्ण केला आणि आज ते पिल्लू चांगलं दांडगं झालंय. लक्षणं टिकून राहिली तर तपासण्या पुन्हा करायला सांगा.

डोंबिवलीहून

नव्या घरात फरशी कशाने पुसताय ते बघा. फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजराला विषारी, कारण त्याचं यकृत ती नीट निकामी करू शकत नाही. पंजे चाटताना ती पोटात जातात. याच कारणाने क्रोसिन कधीच द्यायची नाही, अर्धीसुद्धा नाही. आणि सासऱ्यांना भेटायला येणाऱ्यांनी गुच्छ आणले तर त्यात लिली आहे का बघा. तिच्या पानाफुलांनीच काय, परागकणांनी किंवा फुलदाणीतल्या पाण्यानेही मांजराच्या किडन्या जातात. आमच्याकडे गुच्छ दारातच घेतो आणि लिली काढून शेजारी देतो.