'अपरोक्ष' म्हणजे समोर की पाठीमागे? कोशानं कुणाचं ऐकायचं?

छापखानेवाला, शहापूर
मंडळी, बेळगावात शहापूरला आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, बॅनर आणि वकील मंडळींच्या जाहीर नोटिशी, असलं सगळं काम. परवा शेताच्या वादातली एक नोटीस टाईप केली. मजकूर असा : 'सदर मिळकत माझ्या अपरोक्ष विकण्यात आली असून तो व्यवहार मला मान्य नाही.' वकिलांनी प्रुफावर लाल पेनानं 'अपरोक्ष'भोवती गोल मारला. म्हणाले, "संस्कृतात याचा अर्थ डोळ्यांसमोर. समोरच्या पार्टीनं हेच धरलं तर?" पक्षकार बाजूलाच बसलेला, खानापूरकडचा म्हातारा. तो म्हणतोय, "मी तितं नव्हतोच की वो सायेब, तेच तर लिवलंय!"

मी आजवर एकाच्याही तोंडून 'अपरोक्ष' समोर या अर्थानं ऐकलेलं नाही. मग कोशानं लोकांचा अर्थ सरळ मान्य करावा, की चूक म्हणून शिक्का मारावा? आमच्यासारख्याला कोश म्हणजे शेवटचा पंच. पंचच दोन्हीकडून बोलायला लागला तर प्रूफ तपासायचं कशावर?

निवृत्त मास्तर, खानापूर
वकील बरोबर आहेत. अक्ष म्हणजे डोळा. डोळ्यांआड ते परोक्ष, आणि त्याला 'अ' लागला की डोळ्यांपुढं. वेदान्तात अपरोक्ष ज्ञान म्हणजे साक्षात अनुभव. लोकांनी नुसता 'अ' बघितला, नकार आहे म्हणाले आणि उलटा अर्थ करून मोकळे झाले. आता परोक्षही पाठीमागं आणि अपरोक्षही पाठीमागंच! हे चालवून घेणार असाल तर 'उपहारगृह'सुद्धा घ्या कोशात. उपहार म्हणजे भेटवस्तू, खायचं ते उपाहार. इडली फुकट वाटणार असतील तर ती पाटी बरोबर आहे.

बाँड रायटर, चिकोडी
गुरुजी, राग मानू नका, पण 'राजीनामा' बघा. मूळ फारसीत राजीखुशीनं लिहून दिलेला कागद. हिंदीत अजून तडजोडीच्या कागदाला राजीनामा म्हणतात. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुन्या जमिनीच्या कागदांत 'राजीनामा-कबुलायत' ही जोडी भेटते. एकानं जमीन सोडल्याचं लिहून द्यायचं, दुसऱ्यानं ती कबूल करायची. सोडण्याचा अर्थ तिथूनच चिकटला असणार, असं माझं मत. आज राजीनामा म्हटलं की फक्त खुर्ची आठवते. कन्नडातही 'राजी' म्हणजे तडजोड आणि 'राजीनामे' म्हणजे पद सोडणं. कोर्टाच्या आवारात दोन्ही शब्द कानावर पडतात, कुणाचा घोटाळा होत नाही.

'शिक्षा' घ्या. संस्कृतात शिकवण. मराठीत आणि कन्नडात दंड. याला चूक म्हणणारा मास्तर मला तरी भेटला नाही. चूक जुनी झाली की तिला मान मिळतो, एवढंच.

टिळकवाडीची
चूक ठरवणार कोण, हा माझा प्रश्न. पुण्यात शिकायला होते तेव्हा 'काय करूलालास' म्हटलं की होस्टेलच्या पोरी हसायच्या. त्यांच्या लेखी आमची अख्खी बोलीच चूक. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२ ते १९३८) शब्दापुढं गो., व. अशा खुणा आहेत, गोमंतकातला, वऱ्हाडातला वगैरे. शब्द बाहेर नाही काढला, कुठला ते सांगितलं. 'अपरोक्ष'ला तशीच खूण करा की. बाकी 'उपहार' पाटीवर कन्नडातही असाच चुकतो हं, गुरुजी. त्यात बेळगाव एकदम एकीचं आहे.

छापखानेवाला, शहापूर
सगळ्यांचे आभार. अक्कांचं म्हणणं पटलं, पण अर्धंच. 'उपहारगृह' ही एका काण्याची चूक, ती कोशानं घेऊ नये; तिथं मी गुरुजींच्या बाजूला. 'शिक्षा' बदलली ती सगळ्यांनी मिळून, भांडण मिटलं. 'अपरोक्ष'चं भांडण अजून चालू आहे, आणि दोन अर्थ एकमेकांच्या बरोबर उलट. तिथं कोशानं रूढ अर्थ आधी द्यावा, मूळ अर्थ नंतर, आणि खाली लिहावं : कागदोपत्री वापरू नये. पंचानं एवढं सांगितलं तरी आमचं काम भागतं.

नोटीस शेवटी 'माझ्या गैरहजेरीत व माझ्या संमतीशिवाय' अशी गेली. म्हाताऱ्याला अर्थाचं काही नव्हतं. शब्द वाढले म्हणून पेपरवाले जास्त पैसे घेतील काय, एवढंच तो दोनदा विचारून गेला.

निवृत्त मास्तर, खानापूर
ठीक आहे. पण पत्रिकेवर 'आशीर्वाद' दीर्घ छापता ना?

छापखानेवाला, शहापूर
मी दीर्घच करतो, गुरुजी. गिऱ्हाईक थोरल्या मुलीची पत्रिका पुढं ठेवतं, "अगदी अश्शीच पाहिजे" म्हणतं. मग ऱ्हस्व.