१० मार्चला आझाद मैदानात तिबेटी लोकांच्या सभेला जायचंय, आपण भारतीयांनी तिथे नेमकं काय करायचं?

लालबागची_आई

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

परळला हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटर घेऊन बसतात. मुंबईची थंडी ती केवढी, पण सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे नोव्हेंबर उजाडला की आमची परळची फेरी ठरलेली. अकरा वर्षं एकाच बाईकडून घेते. ती मला दीदी म्हणते, मी तिला ताई म्हणते, दोघींत मोठी कोण ते अजून ठरलेलं नाही. यंदा माझ्या मुलाने (आठवीत आहे) तिला विचारलं, "ये सब आपने बुना है?" ती हसली. "नहीं बेटा, लुधियाना से आता है." माझी अकरा वर्षांची समजूत तिथल्या तिथे उसवली.

मग त्याने गाव विचारलं. ती म्हणाली गोंदिया. "नाही, असली गाव?" ताई जरा थांबली आणि पिशवीतून एक पुस्तिका काढून त्याच्या हातात दिली. आरसी म्हणतात तिला, म्हणजे परदेशी माणसाचं नोंदणी प्रमाणपत्र. जन्माचं ठिकाण महाराष्ट्र आणि वर नोंद परदेशी म्हणून. पोरगं घरी येईपर्यंत गप्प होतं, आणि आमचं पोरगं गप्प बसत नाही.

आता मुद्दा. ताईचा भाचा इथेच कॉलेजात आहे. त्याने मला १० मार्चच्या सभेचा निरोप पाठवलाय, आझाद मैदान. १९५९ मध्ये याच दिवशी तिबेटच्या राजधानीत, ल्हासात, चीनविरुद्ध उठाव झाला, त्याच्या आठवणीची ही सभा. ताई नसेल, लोसार म्हणजे त्यांच्या नववर्षासाठी ही मंडळी माल आवरून आधीच निघून जातात. मुलगा म्हणतो आपण जाऊया. नवरा म्हणतो, "परक्यांच्या भानगडीत कशाला, पोलीस ठाण्यात बसावं लागेल."

गेलं तर चालतं का? घोषणा द्यायच्या का? झेंडा हातात दिला तर धरायचा का? आणि तेरा वर्षांच्या मुलाला नेण्यासारखं असतं का?

भायखळा_लोकल

जा की, मैदान सगळ्यांचंच आहे. फक्त मुलाला हेही सांगा की १९५९ पासून हे लोक घोषणा देतायत आणि चीन एक इंच हललेला नाही. उलट २००३ मध्ये आपल्याच सरकारने तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचं लिहून दिलं. मैदानात पन्नास माणसं ओरडली तर बीजिंगला ऐकू जाणार आहे का? वाईट वाटतं, पण हिशोब हिशोब आहे.

निवृत्त_हवालदार

लालबागच्या ताई, मी एकतीस वर्षं मुंबई पोलिसात काढली, त्यातली बरीच दक्षिण मुंबईत. आझाद मैदानाचा बंदोबस्त म्हणजे आमचं दुसरं घर. तुमच्या यजमानांना नमस्कार सांगा आणि सांगा की परवानगीच्या सभेत बसलेल्या बाईला कोणी उचलत नाही. पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे जमावबंदीचे आदेश शहरात लागू असतात, म्हणून आधी अर्ज करावा लागतो. किती माणसं, किती वाजेपर्यंत, माइक लावणार का, सगळं लिहून घेतात. मैदानात बसलात तर काही होत नाही. तिथून उठून मोर्चा काढायचा कोणी विचार केला तर त्याच्या मागे जाऊ नका, एवढंच.

हजारो मोर्चे पाहिले. गिरणीवाले, अंगणवाडीवाल्या, शिक्षक, वारकरीसुद्धा. तिबेटी लोकांचा बंदोबस्त लागला की आमची पोरं खूश असायची, कारण जेवायला वेळ मिळायचा. आधी एक मिनिट शांत उभे राहतात, मग त्यांचं राष्ट्रगीत, मग आपलं. हो, आपलंही, आणि शब्द न चुकता. घोषणा तीन भाषांत. 'बो ग्यालो' म्हणजे तिबेटचा विजय असो. हिंदीत 'तिब्बत की आज़ादी, भारत की सुरक्षा'. इंग्रजीत 'थँक यू इंडिया'. ही शेवटची मी दुसऱ्या कुठल्याच मोर्चात ऐकलेली नाही. उठताना पाण्याच्या बाटल्या गोळा करून नेतात.

मला आधी वाटायचं, स्वभावच गरीब. मग एकदा एका पोराला मी गमतीत म्हटलं, जरा जोरात ओरडा, आम्हाला झोप येतेय. तो म्हणाला, "साहब, आप के यहाँ केस हुआ तो वकील, मेरे यहाँ केस हुआ तो आरसी." एक गुन्हा नोंदला तर पुस्तिकेचं नूतनीकरण अडेल, परदेशी जायची कागदपत्रं अडतील, हा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का असतो. गांधीजी आहेतच, दलाई लामा आहेतच, पण ही आरसीही आहे.

भायखळा_लोकल, तुमच्या हिशोबाला एक किस्सा. जानेवारी २००२. चीनचे पंतप्रधान झू रोंगजी मुंबईत, नरिमन पॉइंटच्या ओबेरॉय टॉवर्समध्ये उद्योगपतींपुढे भाषण. बाहेर परांची बांधलेली होती. तेन्झिन त्सुंदू नावाचा तरुण, कवी, आपल्या मुंबई विद्यापीठातच शिकलेला, त्या परांचीवरून चौदाव्या मजल्यापर्यंत चढला आणि तिबेटचा झेंडा आणि मोठा फलक सोडला. ना दगड ना काठी. माझी ड्युटी त्या दिवशी दुसरीकडे होती, हे माझं नशीब, कारण नंतर बंदोबस्तावरच्या प्रत्येकाला एकच प्रश्न होता, तो वर गेला कसा. बीजिंगला ऐकू गेलं की नाही ते मला सांगता येत नाही. पण पुढे कुठलाही चिनी नेता यायचा म्हटलं की आम्हाला आधी परांच्या तपासायला लावायचे.

असा दौरा असला की मात्र गोष्ट वेगळी. आदल्या दिवसापासून नोटिसा, प्रतिबंधक ताब्यात घेणं, सगळं होतं. तेव्हा जाऊ नका. १० मार्चला तसं काही नसतं.

मुलाचं विचारलंत म्हणून स्पष्ट लिहितो. तिथल्या फलकांवर जळालेल्या माणसांचे फोटो असू शकतात. २००९ पासून तिबेटमध्ये दीडशेहून जास्त लोकांनी स्वतःला पेटवून घेतलं आहे. मार्च २०१२ मध्ये चीनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ दिल्लीला येणार होते, त्याआधी जंतरमंतरजवळ जाम्फेल येशी या तरुणाने पेटवून घेतलं आणि दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतर तिबेटी सभा असली की मी गाडीत दोन ओली गोणपाटं ठेवायचो. कोणी सांगितलं नव्हतं. कधी लागली नाहीत. मुलाला हे घरी बसवून आधी सांगा, तिथे फोटो बघून विचारेल तेव्हा नको.

नायगावकर

जय भीम. 'परक्यांची भानगड' म्हणणाऱ्यांसाठी. एप्रिल १९५४ मध्ये भारत-चीनचा पंचशील करार झाला, तो मुळात तिबेटशी व्यापार आणि ये-जा यांबद्दलचाच होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी राज्यसभेत आश्चर्य व्यक्त केलं की पंतप्रधान हे पंचशील मनावर कसे घेतात. माओंची त्यावर श्रद्धा असती तर स्वतःच्या देशातल्या बौद्धांना त्यांनी वेगळी वागणूक दिली असती, असं बाबासाहेबांचं म्हणणं. पाच वर्षांनी ल्हासात काय झालं ते १० मार्च सांगतोच. समाजवाद्यांकडून लोहिया बोलले आणि आपल्या मुंबईचे बंदसम्राट जॉर्ज फर्नांडिस तर शेवटपर्यंत तिबेटच्या बाजूने बोलत राहिले. हा विषय आपल्याकडे नवा नाही, आपण विसरलो एवढंच.

काळा_कोट

हवालदार साहेबांनी आरसीचं सांगितलं, त्यामागचा कायदा लिहितो. शांततेने एकत्र जमण्याचा आणि बोलण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये आहे, आणि तो फक्त नागरिकांना आहे. कलम १४ आणि २१ मात्र या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला. म्हणून भारतीय नाव शेजारी असलं तर त्यांना बळ मिळतं. लालबागच्या ताई, तुम्ही घोषणा दिल्या नाहीत तरी चालेल, नुसतं बसलात तरी काम होतं.

दुसरं. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय नागरिक. दिल्ली उच्च न्यायालयाने हे तिबेटी लोकांच्या बाबतीतही मान्य केलंय. तुमच्या स्वेटरवाल्या ताईंचा जन्म त्या काळातला असेल तर त्यांना पासपोर्ट मागता येतो. सांगून बघा.

अर्जुनी_मोरगावचा

तुमची ताई आमच्याकडची! नोरग्येलिंग वसाहत, गोठणगाव-प्रतापगडजवळ, १९७२ पासून. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता, गोंदिया नंतर झाला. आमच्या बाबांच्या भाषेत 'तिबेटी कॅम्प'. उन्हाळ्यात आमच्यासारखीच धानाची चिंता, हिवाळ्यात अर्धी वसाहत स्वेटर घेऊन शहरात. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बायका आमच्या मावशीशी झाडीबोलीत भांडतात, ऐकण्यासारखं असतं.

एक सल्ला. घोषणा देण्याआधी शेजारच्याला विचारा. हिमाचलमधल्या धर्मशाला गावातून चालणाऱ्या त्यांच्या निर्वासित प्रशासनाची मागणी चीनमध्येच राहून खऱ्या स्वायत्ततेची, तिला मध्यम मार्ग म्हणतात. दलाई लामांनी ती १९८८ मध्ये स्ट्रासबर्गला जाहीर मांडली. पण बऱ्याच तरुणांना 'रांगझेन' म्हणजे पूर्ण स्वातंत्र्यच हवंय. एकाच घरात बाप मध्यम मार्गवाला आणि पोरगा रांगझेनवाला, असं मी जेवणाच्या ताटावर बघितलंय. आपण पाहुण्यांनी त्यात बाजू घेऊ नये.

भायखळा_लोकल

हवालदार साहेब, परांचीचा किस्सा माहीत नव्हता. हिशोबावर मी ठाम आहे, पण १० मार्चला मला सुट्टी आहे का बघतो.

लालबागची_आई

सगळ्यांचे आभार. मुलाला काल रात्री बसवून सांगितलं, फोटोंचंही. त्याला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. पंचेन लामा म्हणजे दलाई लामांनंतरचे त्यांचे मोठे धर्मगुरू, ते म्हणून ओळखल्या गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाला १९९५ मध्ये चीनने नेलं ते त्याने कुठेतरी वाचलं. "म्हणजे आता तो बाबांएवढा असेल ना?" नवरा पेपर वाचत होता, त्याने पेपर खाली ठेवला. येतो म्हणालेला नाही, पण 'किती वाजता आहे' असं विचारून झालंय.

काळा_कोट, ताईला फोन करून १९८७ चं सांगितलं. जन्म १९७९ चा, म्हणजे बसते नियमात. (आणि मी दोन वर्षांनी मोठी निघाले.) ती म्हणाली, "मालूम है दीदी. भाई ने ले लिया पासपोर्ट. अम्मा मुझे बोली, सब यहाँ के हो गए तो वापस कौन जाएगा." यावर मला काही बोलता आलं नाही, मी सासूबाईंच्या स्वेटरचं बोलले.

भाच्याच्या हाती तिने पांढरी खाता पाठवलीय, रेशमी पट्टा असतो तो. सभेला घालून जा म्हणते. हवालदार काका, ती तिथे गळ्यात घालतात की हातात धरतात?

निवृत्त_हवालदार

गळ्यात. मलाही दोनदा घातली होती, बंदोबस्त संपल्यावर. दोन्ही वेळा साहेब यायच्या आत काढून खिशात ठेवावी लागली. तुम्हाला कोणी साहेब नाही. टोपी आणि पाणी घ्या, मार्चचं ऊन आहे.