ला पाझ (बोलिव्हिया): आईला घेऊन जातोय, उंचीचं काय करायचं?

ठाणेकर_भटक्या
नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये बोलिव्हियाला जायचं घाटतंय, मी, बायको आणि आई. आईचं वय ६३, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत, रोज सकाळी उपवनला चालायला जाते. तिने उयुनीच्या मिठाच्या वाळवंटाची कुठलीतरी रील बघितली आणि तेव्हापासून डोक्यात घेतलंय, आता युरोप नको बिरोप नको, हेच बघायचं. एजंटने प्लॅन दिलाय तो असा की मुंबईहून साओ पावलो, तिथून सांताक्रूझ (बोलिव्हियातलं हो, खार रोडच्या पुढचं नाही) आणि तिथूनच लगेच पुढचं विमान पकडून ला पाझ, दुसऱ्या दिवशी सकाळी सिटी टूर. आता तिथला एल आल्तो विमानतळ ४०६१ मीटरवर आहे असं वाचलं आणि माझी जरा टरकलीय. लेहला आम्ही आईसकट जाऊन आलोय, पहिला दिवस झोपून काढला, थोडं डोकं दुखलं, बाकी काही नाही. बायको म्हणते लेहला झालं नाही म्हणजे इथेही होणार नाही, आई म्हणते मी कापराची पोटली घेते, आणि एजंट म्हणतो कोकाच्या पानांचा चहा पितात सगळे, टेन्शन नका घेऊ. कोणी प्रत्यक्ष जाऊन आलं असेल तर सांगा ना. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का? आणि शाकाहारी माणसाचं काय होतं तिथे?

ऑस्टिनची_आत्या
दादा, गोळ्यांचं नंतर बघू, आधी तो प्लॅन एजंटला परत द्या. सांताक्रूझ समुद्रसपाटीपासून चारेकशे मीटरवर, घाम गाळणारं गाव, तिथून तासाभरात तुम्ही चार हजारावर उतरणार. लेहचा विमानतळ सव्वातीन हजारांवर आहे, म्हणजे हा त्याच्याहून आठशे मीटर वर! तिथली धावपट्टी चार किलोमीटर लांब आहे, कारण हवा इतकी विरळ की विमानालासुद्धा उडायला जास्त पळावं लागतं, मग आपल्या आईसाहेबांचं काय घेऊन बसलात.

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा उलटा मार्ग धरला, सांताक्रूझहून आधी सुक्रे. २८१० मीटर, पांढऱ्याशुभ्र घरांचं शांत शहर, हवा छान, ६ ऑगस्ट १८२५ ला बोलिव्हियाचं स्वातंत्र्य तिथेच जाहीर झालं, ती इमारत अजून आहे, नक्की बघा (मात्र ६ ऑगस्टच्या आसपास जात असाल तर हॉटेल आधीच धरा). तिथे दोन-तीन रात्री निवांत काढायच्या, मग उयुनी, आणि ला पाझ सगळ्यात शेवटी. तोपर्यंत अंगाला सवय झालेली असते. वाटेत पोतोसी लागतं, चांदीच्या खाणीचं गाव, पण ते स्वतःच चार हजारावर आहे, तिथे मुक्काम नका करू, जेवा आणि पुढे निघा.

ला पाझमध्ये हॉटेल घेताना सोना सुर भागात घ्या. शहर एका प्रचंड खोलगट दरीत आहे, वरच्या कडेवर एल आल्तो, मधे जुनं शहर ३६०० च्या आसपास, आणि खाली सोना सुर. आपल्याकडे पैसेवाले मलबार हिलवर चढतात, तिथे पैसेवाले खाली उतरतात, कारण खाली ऊब असते आणि श्वास घेता येतो. चारपाचशे मीटरचा फरक रात्री झोपताना कळतो.

सह्याद्रीवेडा
उगाच घाबरवताय काकूंना. फिटनेस असेल तर काही होत नाही, रोज चालतात ना त्या. मी स्वतः डायमॉक्स बियमॉक्स काही न घेता लडाख केलंय, भरपूर पाणी प्यायचं, लसूण खायचा, कापूर हुंगायचा बस. गोळीने बोटांना मुंग्या येतात ते वेगळंच.

डॉक_विदर्भ
सह्याद्रीवेडा भाऊ, राग मानू नका पण फिटनेसचा आणि याचा संबंध नाही. कळसूबाई १६४६ मीटर आहे, आपल्या अख्ख्या महाराष्ट्रात कुणाला विरळ हवेची सवय नसते, तुम्हाला नाही आणि मलाही नाही. उलट फिट माणूस पहिल्याच दिवशी धावपळ करतो आणि आडवा होतो. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. चार हजार मीटरवर प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के, त्यात लसूण काय करणार?

ठाणेकर, आत्याबाईंनी सांगितलेला मार्ग हेच खरं औषध. डायमॉक्स त्यानंतर येते. ती साधारणतः वर चढायच्या आदल्या दिवशी सुरू करतात, पण आईंची बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर दोन्ही एकत्र चालतील का, डोस किती, हे त्यांच्या फिजिशियनलाच विचारायचं, इथे कुणाचं ऐकून घ्यायची नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही आधी सांगा. मुंग्या येतात हे खरं, सोडा किंवा बिअर बेचव लागते, पण दोन्ही निरुपद्रवी. बीपीची गोळी मात्र बंद करू नका, पहिले काही दिवस वर गेल्यावर बीपी थोडं चढतंच.

पहिल्या रात्री डोकं दुखणं, भूक मरणं, झोपेत श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येणं, हे बहुतेकांना होतं. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडला असेलच, तो न्या, पण तिथे ८५-९० दिसला म्हणून फोनाफोनी करू नका, त्या उंचीला तो आकडा चालतो. घाबरायचं कधी, तर नुसतं बसल्या जागी धाप लागली, खोकला सुरू झाला, किंवा चालताना तोल जायला लागला आणि बोलणं असंबद्ध झालं. मग सकाळपर्यंत बघू हा प्रकार नाही, त्याच क्षणी खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

आणखी एक, हे इथल्या वाचकांसाठी मुद्दाम लिहितोय. विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली भागातल्या ज्यांच्या घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे त्यांनी जायच्या आधी रक्त तपासून घ्या. नुसते वाहक असाल, आयुष्यात कधी त्रास नसेल तरीही इतक्या उंचीवर प्लीहेला इजा होऊ शकते.

फुटबॉल_फुटबॉल
फिटनेसवरून आठवलं, १ एप्रिल २००९, ला पाझचं एर्नान्दो सिलेस स्टेडियम, मॅराडोना कोच, मेस्सी मैदानात, आणि अर्जेंटिनाने ६-१ असा मार खाल्ला. त्याच्या दोन वर्षं आधी फिफाने इतक्या उंचीवर मॅच नकोत म्हणून बंदी आणलेली, ती पुढे मागे घ्यावी लागली. सह्याद्रीवेडा, मेस्सी रोज चालत असेल असं वाटतं मला 😄

ठाणेकर_भटक्या
हाहा. आईला वाचून दाखवलं, मेस्सीमुळे पटलं तिला, पण कापूर घेणारच म्हणते. मिठाच्या वाळवंटाची तीन दिवसांची जीप टूर चांगली की एक दिवसाची? आणि जेवणाचं राहिलंच.

खादाड_बोका
एक दिवसाचीच घ्या. तीन दिवसांच्या टूरमध्ये रंगीत तळी बघायला दक्षिणेला नेतात, लगुना कोलोराडा ४२०० च्या वर, दुसरी रात्र तिथेच कुठेतरी थंडगार खोलीत आणि पहाटे अंधारात गरम वाफांचे झरे बघायला ४८०० च्या पुढे. तरुण पोरांना ठीक आहे. आई जे बघायला येतायत ते मीठ पहिल्याच दिवशी संपतं. आणि त्यांना आत्ताच सांगून ठेवा, ऑगस्टमध्ये रीलसारखा आरसा दिसणार नाही. तो पावसाळ्यात, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्च, पाण्याचा पातळ थर साचतो तेव्हा. ऑगस्टमध्ये कोरडं कडक मीठ, त्यावर पार क्षितिजापर्यंत षटकोनी भेगा, तेही जबरदस्तच असतं, पण वेगळं. रात्री उणे तापमान, थर्मल विसरू नका, गॉगल तर विसरूच नका.

जेवण: "सिन कार्ने" (मांस नको) म्हटलं की फक्त बीफ काढतात, चिकन प्लेटमध्ये तसंच. त्यामुळे "सिन पोयो" (चिकन नको) पण म्हणायचं, आणि सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारायचं, किन्वाचं सूप दिसायला शुद्ध शाकाहारी असतं पण बऱ्याचदा हाडाच्या पाण्यातलं. सकाळी बाजारात आपी मिळतं, जांभळ्या मक्याचं दाट गरम पेय, दालचिनी लवंग घातलेलं, आणि त्याबरोबर पास्तेल म्हणजे तळून टम्म फुगलेली पुरी, आत थोडं चीज, वर पिठीसाखर. आईंना हे आवडणार, लिहून घ्या. चुन्यो पण चाखा, रात्रीच्या थंडीत गोठवून आणि पायाने तुडवून वाळवलेला बटाटा, काळा पडतो, दिसायला भयाण आणि लागतो मातकट, मला नाही झेपला. घरून खिचडी नेत असाल तर डाळ तिथे भांड्यात शिजत नाही, पाणी ८८ डिग्रीलाच उकळतं. रेडी टू ईट न्या.

केबल कारमध्ये बसा, "मी तेलेफेरिको" नाव तिचं, २०१४ मध्ये सुरू झाली, लोक तिने ऑफिसला जातात. लाल लाइनने वर एल आल्तोला जा, गुरुवार किंवा रविवार असेल तर वर मैलभर बाजार भरलेला असतो, पर्स पुढे धरा. जादूटोण्याच्या बाजारात लामाची वाळवलेली पिल्लं टांगलेली दिसतील, घर बांधताना पायाखाली जमिनीत पुरतात. ऑगस्ट हा पाचामामाचा, म्हणजे भूमातेचा महिना, त्यामुळे नैवेद्य जाळण्याचा धूर सगळीकडे. फोटो विचारून काढा, मावश्या ओरडतात.

ऑस्टिनची_आत्या
कोकाचं एक राहिलं. तिथे चहा प्या, पानं चघळा, कायदेशीर आहे, बरंही वाटतं थोडं. पण एक टी बॅगसुद्धा परतीच्या सामानात नको, भारतात ते अमली पदार्थात जातं आणि दुबई-दोहाला पकडलं तर बोलायलाच नको.

शिवाय यलो फीव्हर. बोलिव्हियाहून परत येताना लसीचं सर्टिफिकेट नसेल तर आपल्याकडे सहा दिवस क्वारंटाइन करू शकतात, आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेताना धोका थोडा जास्त असतो, डॉक सांगतीलच.

डॉक_विदर्भ
बरोबर. आईंच्या बाबतीत तिकीट काढायच्या आधी हा प्रश्न सोडवा, नंतर नाही.

ठाणेकर_भटक्या
हे एजंट एका शब्दाने बोलला नव्हता. उद्याच फिजिशियनकडे जातो. सुक्रे ते उयुनी बस ठीक आहे का आईला?

खादाड_बोका
बस ठीक आहे, रस्ता डांबरी आहे, सात-आठ तास लागतात, दिवसाची घ्या, रात्रीच्या बसमध्ये थंडीने जीव जातो. प्रायव्हेट गाडी मिळाली तर उत्तम, पोतोसीला हवं तेवढं थांबता येतं. फक्त बोलिव्हियात आंदोलनं झाली की लोक रस्त्यावर दगड टाकून वाहतूक बंद करतात, ब्लोकेओ म्हणतात, आणि हे अधूनमधून होतंच. म्हणून उयुनीहून ला पाझला विमानाने जा आणि परतीच्या फ्लाइटच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवा, एजंट ते भरायला बघेल, भरू देऊ नका.